४६ किलोंच्या आत

पहाटेचे पावणेपाच वाजलेत. मैदानावर अंधार आहे आणि त्या अंधारात रेनकोट घातलेली एक मुलगी पळते आहे. पाऊस कधीच सरलाय. रेनकोटच्या आत दोन स्वेटर आहेत, डोक्याला मफलर घट्ट बांधलाय. ती पाण्याच्या टाकीपाशी वळते, कंपाउंडच्या भिंतीपाशी वळते आणि परत माझ्या समोरून जाते. प्लॅस्टिकची सळसळ आधी ऐकू येते, मग तिचा श्वास.

आज इथं जिल्हास्तरीय शालेय कुस्ती स्पर्धा आहे, १७ वर्षांखालच्या मुलींची. मुलींच्या संघाबरोबर शिक्षिका लागते म्हणून मी आले आहे. वर्गात मी मराठी शिकवते. कुस्तीतलं जे कळतं ते या मुलींमुळेच. काल रात्री याच शाळेच्या एका वर्गात बाकं भिंतीला लावून आम्ही सतरंज्या टाकल्या. पळणारी मुलगी दहावीत आहे. तिला ४६ किलो वजनगटात उतरायचंय आणि काल झोपताना ती ४७ च्या वर होती.

"मॅडम, किती वाजले?" ती न थांबता विचारते.

"पाचला दहा कमी आहेत. बस कर गं आता."

"अजून चारशे ग्रॅम हाय."

वर्गात दिवा लागलाय. पोरी उठल्यात, पण पहाटे पोरींच्या खोलीत जो कलकलाट असतो तो नाही. एक जण भिंतीला टेकून तोंडात चिंच धरून बसली आहे आणि बाटलीत थुंकते आहे. लाळेचंही वजन असतं. दुसरी पांघरूण डोक्यावरून घेऊन नुसती पडली आहे. तिचे ओठ फुटलेत. मी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या धरते, ती मान हलवते. "पाण्याला पण वजन असतंय, मॅडम." कोपऱ्यातल्या पिशवीत काल घरून आलेले डबे आहेत. मी एक उघडते. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मटकीची उसळ, सगळं जसंच्या तसं. कुणाच्या तरी आईनं रात्री उशिरापर्यंत जागून केलेलं आहे हे.

पळणारी आत येते. रेनकोट काढते तेव्हा आतून वाफ निघते. अंग घामानं निथळतंय, पण मी हात हातात घेते तर बोटं गार आहेत. ती एक दोनशे पानी वही माझ्या हातात देते. "जरा धरा मॅडम, भिजंल." नंतर तीच म्हणते, "बघा की."

वहीत स्केलनं आखलेले रकाने आहेत. तारीख, सकाळचं वजन, रात्रीचं वजन, काय खाल्लं. अक्षर सुरेख आहे, माझ्या वर्गात निबंधाला मी ज्याला शाबासकी देते तेच. 'अर्धी भाकरी.' 'काकडी.' 'चहा (साखर नाही).' एका दिवशी फक्त एक आडवी रेघ. आणि शेवटच्या रकान्याला तिनं नाव दिलंय 'चुका'. त्या रकान्यात लिहिलंय: 'शेंगदाणे मूठभर.' 'मामाच्या घरी भात.' 'दिवाळीचा चिवडा नको म्हणायचं.' पंधरा वर्षांची मुलगी मूठभर शेंगदाण्यांची नोंद अपराधासारखी करून ठेवते, आणि ती वही लपवत नाही. उलट अभ्यास पुरा केल्याच्या अभिमानानं माझ्या हातात देते. इथंच मला सगळ्यात जास्त धोका दिसतो. घरात कुणी जेवत नसेल तर आपण विचारतो, काय झालं म्हणून. खेळणारी मुलगी जेवत नसेल तर आपण म्हणतो, केवढी शिस्त आहे बघा.

"रात्री झोप लागली का?"

"न्हाई. पोटात आग पडती. मग काटा डोळ्यांसमोर येतो." ती हसते. "भूक मरती मॅडम थोड्या दिवसांनी. मग काय वाटत न्हाई."

गेल्या दोन महिन्यांत ही मुलगी बदलली आहे. पूर्वी मधल्या सुट्टीत चार जणींच्या घोळक्यात डबा खायची. आता त्या वेळेला ग्रंथालयात जाऊन बसते. मैत्रिणींवर खेकसते. परवा फळ्यावर उदाहरण सोडवताना अडली आणि ढसाढसा रडली. शाळेत सगळे म्हणतात, दहावीचं टेन्शन. पण भुकेचा मनावर काय परिणाम होतो याची एक जुनी, प्रसिद्ध नोंद आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना त्यांच्याच संमतीनं सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं. युद्धानं उपाशी पडलेल्या लोकांना पुन्हा कसं खाऊ घालायचं ते समजून घ्यायचं होतं. त्या तरुणांचं वजन उतरलं, त्याबरोबर मनही उतरलं. ते चिडचिडे झाले, उदास झाले, माणसांत मिसळेनासे झाले, दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले. काही तर पाककृतींची पुस्तकं वाचत बसत. ते आजारी मनाचे लोक नव्हते. भुकेनं त्यांचं मन आजारी केलं होतं. माझ्यासमोरच्या मुलीला कुणी 'हळवी' म्हणू लागलं की मला ते ३६ जण आठवतात.

साडेपाचला सर येतात. त्यांचे कान पैलवानाचे, मोडून घट्ट झालेले. आयुष्य तालमीत गेलेलं. या मुलींना त्यांनी फुकट शिकवलंय, स्वतःच्या मोटारसायकलवरून सोडायला गेलेत, पालकांच्या हातापाया पडून मुलींना मॅटवर आणलंय. त्यांच्याविषयी वाईट लिहायला माझा हात धजत नाही आणि तसं कारणही नाही.

"सर, ही ४९ मध्ये का नाही खेळत? तेच तिचं वजन आहे."

"मॅडम, ४९ ला पलीकडच्या तालुक्यातली पोरगी हाय, गेल्या साली राज्याला मेडल मारलेली. तिच्यापुढं हिचा निभाव लागायचा न्हाई. ४६ मोकळा हाय." मग ते आवाज खाली आणतात. "राज्यापर्यंत गेली तर दहावीला क्रीडा गुण हाईत. पुढं भरतीला खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण हाय. बाप नाही तिला. हिशोब तुम्हीच करा."

हिशोब खोटा नाही, म्हणूनच तो मोडायला अवघड आहे. कुणी क्रूरपणानं मुलींना उपाशी ठेवत नाही. कुठला गट मोकळा आहे ते बघून वजन ठरतं, आणि मग त्या वजनात मुलीला बसवलं जातं.

सर मुलींकडे वळतात. "विनेशचं बघितलं ना? शंभर ग्रॅम! शंभर ग्रॅमनं ऑलिंपिकचं मेडल गेलं. काट्याला दया नसती."

सगळ्या पोरी माना डोलावतात. ऑगस्ट २०२४ ची पॅरिसची ती सकाळ प्रत्येकीला पाठ आहे. विनेश फोगाट ५० किलो गटाच्या अंतिम फेरीत होती आणि सकाळच्या वजनात १०० ग्रॅम जास्त भरली म्हणून बाद झाली. पण त्या गोष्टीतला दुसरा आकडा इथं कुणी सांगत नाही. आदल्या रात्री, उपांत्य कुस्ती झाल्यावर, तिचं वजन २.७ किलो जास्त होतं. रात्रभर न जेवता, न झोपता, घाम गाळून, शेवटी केस कापून तिनं त्यातलं २.६ किलो एका रात्रीत उतरवलं. टोकियोत ती ५३ किलोत खेळली होती; ५३ ची भारताची जागा दुसऱ्या मल्लाकडे गेली आणि तिला ५० मध्ये उतरावं लागलं. आमच्या मुलीची गोष्ट तीच आहे, फक्त तालुक्याची. त्या सकाळनंतर आपण धडा घेतला तो शंभर ग्रॅमचा. अडीच किलोंचा घेतलाच नाही.

हॉलमध्ये रांग लागते. कॉस्च्युम घातलेल्या पन्नासेक मुली, दंडावर काटा आलेला, हात छातीशी घट्ट. आडोशाला कापड लावलंय, त्याच्या आत इलेक्ट्रॉनिक काटा. त्याच्या आधी एका टेबलाशी ग्रामीण रुग्णालयातून आलेल्या डॉक्टरबाई बसल्यात. नियमाप्रमाणे त्यांनी त्वचा आणि नखं बघायची आणि खेळायला हरकत नाही अशी सही करायची. त्या तेवढ्यावर थांबत नाहीत. प्रत्येकीला विचारतात, "पाळी वेळेवर येते का?"

रांगेत खसखस पिकते. आमच्या मुलीचा नंबर येतो.

"आषाढीच्या आधीपासून न्हाई आली," ती सांगते. "बरंच हाय की. मॅटवर कटकट न्हाई."

डॉक्टरबाई पेन खाली ठेवतात. "नडगी दुखते का पळताना?"

"दुखती. रोजच दुखती."

"थंडी वाजते?"

ती उत्तर देत नाही. तिच्या हातांकडे बघितलं तरी पुरे आहे.

डॉक्टरबाई माझ्याकडे बघून शांतपणे सांगतात आणि रांगेतल्या मुलींनाही ऐकू जाईल असं सांगतात. शरीराला जेवढं अन्न मिळतं त्यातलं आधी सरावात खर्च होतं. उरलेल्यात हृदय, मेंदू, हाडं, पाळी, प्रतिकारशक्ती, वाढ, सगळं भागवायचं असतं. उरतच नाही तेव्हा शरीर एकेक काम बंद करतं. पाळी थांबते ती म्हणून. पाळी थांबली की हाडांना लागणारं संप्रेरक कमी पडतं, आणि मुलींची बहुतेक हाडं तर याच वयात भरतात. अठरा वर्षांपर्यंत जी भर पडत नाही ती नंतर पुरी होणं कठीण. मग सरावात हाडाला बारीक चीर जाते. सलग तीन महिने पाळी आली नाही तर तपासणी करायलाच हवी. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ मध्ये या सगळ्या अवस्थेला 'रेड-एस' असं नाव दिलं, म्हणजे खेळाडूला लागणाऱ्या ऊर्जेची तूट. त्यात मुलगेही धरले. मुलांना पाळी नसते, त्यामुळे त्यांचं उपाशीपण दिसतही नाही.

"मग खेळायचं न्हाई का?" मुलगी विचारते. आवाज कापतोय.

"खेळायचं. खाऊन खेळायचं," डॉक्टरबाई म्हणतात. आज त्या तिला अडवत नाहीत. नाडी, रक्तदाब बघतात आणि कागदावर सहीच्या खाली एक ओळ लिहितात: पुढील स्पर्धेपूर्वी तपासणी आवश्यक. दुसऱ्या चिठ्ठीवर औषधांऐवजी तपासण्या लिहून देतात, आणि खाली एक नंबर: १४४१६. "हा टेलि-मानसचा. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. मन फार खाली गेलं तर रात्री-अपरात्रीही लावायचा. तुम्हीही लावू शकता मॅडम."

काटा. ४६.२. ती कापडाबाहेर येते, दोरी घेते, उड्या मारू लागते. नडगी दुखतेय हे आता मला माहीत आहे, त्यामुळे प्रत्येक उडी मला दिसते. पुन्हा आत. ४५.९. बाहेर टाळ्या. सर तिच्या पाठीवर थाप मारतात.

तिच्या तोंडात पहिलं केळं जातं तेव्हा ती चावतच नाही, गिळते. दुसरं हातात थरथरतंय. मी म्हणते, हळू. ती ग्लुकोजचं पाणी घटाघटा पिते आणि दहाव्या मिनिटाला हॉलच्या मागे जाऊन सगळं ओकते. परत येते, तोंड धुते, "आता बरं वाटलं" म्हणते.

मॅटवर मात्र ती वेगळीच मुलगी आहे. उपांत्य कुस्ती मिनिटाच्या आत चितपट. अंतिम कुस्तीत शिट्टी वाजते आणि ती खाली झुकून एकेरी पट काढते, इतक्या चपळाईनं की समोरच्या मुलीला कळतच नाही. दोन गुण. वरून भारंदाज, आणखी दोन. पुन्हा ताबा. पहिल्या फेरीला ६-०. हॉल डोक्यावर घेतलाय पोरांनी. ही तिची कला आहे, बाहेरून कुणी दिलेली नाही, आणि ती बघताना माझ्याही अंगावर काटा येतो.

दुसऱ्या फेरीत एका मिनिटानंतर तिची पोटरी वळते. समोरची दोन गुण घेते, मग आणखी दोन. हिचे पाय जागचे हलत नाहीत, डोळे कुठंतरी भलतीकडेच लागलेत. घड्याळ संपतं. ६-४. जिंकली. पंच तिचा हात वर करतात तेव्हा दुसऱ्या हातानं तिनं मांडी धरलेली आहे.

सर धावत जाऊन तिला उचलून घेतात. त्यांचे डोळे भरून आलेत. आणि मला कळतं की आता बोलणं किती कठीण झालंय. हरली असती तर सगळ्यांनी ऐकलं असतं. उपासमारीनं जिंकून दिलंय, असंच आता सगळे म्हणणार.

पण जिंकून दिलं कुणी? पहिल्या फेरीतले सहा गुण तिच्या कलेचे. दुसऱ्या फेरीत गेलेले चार भुकेचे.

जेवणाच्या पत्रावळीवर भात, आमटी, बुंदी. ती खाते आहे, पण मध्येच थांबून बुंदीकडे बघते. "आज खातो मॅडम. उद्यापासून परत बंद. विभागीयला तीन आठवडं हाईत."

मी सरांना बाजूला घेते. खाशाबा जाधवांची गोष्ट मला माहीत आहे आणि ती त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ मध्ये लंडनला सर्वांत हलक्या, फ्लायवेट गटात खेळला आणि सहावा आला. १९५२ मध्ये हेलसिंकीला तो वरच्या, बँटमवेट गटात उतरला, आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आला. "सर, आपल्या मातीतलं पहिलं पदक वजन वाढवून आलंय. कोल्हापूरच्या तालमीत पोराला आधी काय विचारतात? खुराक काय आहे ते. मग मुलींचीच कुस्ती खुराक तोडून का सुरू होते?"

सर बराच वेळ बोलत नाहीत. "मी पण तोडलंय वजन, मॅडम. घोंगडी पांघरून पळालोय. एकदा मैदानातच चक्कर येऊन पडलो." ते हॉलकडे बघतात. "तेव्हा कुणी सांगणारं नव्हतं."

सांगणारे उशिरा येतात, हा सगळीकडचाच अनुभव आहे. अमेरिकेत १९९७ च्या शेवटी साधारण महिन्याभरात महाविद्यालयांतले तीन कुस्तीगीर वजन उतरवताना मेले, तेव्हा कुठे तिथं नियम बदलले. रबरी सूट आणि सौना बंद झाले, आणि हंगामाच्या सुरुवातीलाच, शरीरात पुरेसं पाणी असताना वजन मोजून त्या खेळाडूनं किती खाली जायचं याची मर्यादा ठरू लागली. धावपटू मेरी केननं २०१९ मध्ये जगाला सांगितलं की सतत बारीक हो म्हणणाऱ्या प्रशिक्षणात तिची तीन वर्षं पाळी थांबली, पाच हाडं मोडली आणि मनात मरणाचे विचार येऊ लागले. ती तिच्या देशातली सगळ्यात वेगवान शाळकरी मुलगी होती.

मी मुलीच्या आईला फोन लावते. आनंदानं तिला बोलणं सुचत नाही. मग मी जेवणाचं विचारते. "ती म्हणती, सरांनी भात खायचा न्हाई सांगितलंय. मी कशाला मोडता घालू? पोरीचं भलं व्हायचंय." दारात म्हैस आहे. दूध डेअरीला जातं, उरलेलं धाकट्या भावाला. मुलीनं दूध सोडल्याचं घरात कुणाला जाणवलंच नाही. तिच्या वाट्याला ते फारसं नव्हतंच. ज्या घरात बाईमाणूस शेवटी जेवतं तिथं एका मुलीनं जेवण सोडलं तर ते दिसणार कुणाला?

परतीच्या एसटीत मी स्पर्धेचा अहवाल लिहायला घेते. निकाल दोन ओळींत संपतो. मग लिहिते: दर महिन्याला आमच्या प्रत्येक खेळाडूला, मुलगा असो की मुलगी, काट्यावर उभं करण्याआधी विचारावं की जेवण कसं चाललंय, झोप लागते का, कुठं दुखतंय, आणि मुलींना पाळीचं. वजनगट वर्षाच्या सुरुवातीला, नीट जेवत्या मुलीच्या वजनावर ठरवावा. वाढत्या वयाच्या मुलीला वजन उतरवायला सांगू नये. ती वरच्या गटात जाईल हे धरूनच सराव आखावा. स्पर्धेच्या दिवशी शाळेनं न्याहारी द्यावी आणि ती प्रत्येकीनं आमच्यासमोर खावी. पालकांना, त्यातही आयांना, वर्षातून दोनदा बोलवावं.

विभागीय स्पर्धेच्या अर्जावर संघ व्यवस्थापक म्हणून माझी सही लागते. डॉक्टरांच्या तपासणीआधी ४६ किलोंच्या रकान्यासमोर मी ती करणार नाही, हेही लिहिते.

मुलीला हे मी मघाशीच सांगितलंय. ती पुढच्या सीटवर खिडकीकडे तोंड करून बसली आहे आणि माझ्याशी बोलत नाही. तिच्या दृष्टीनं मी तिच्या हातातलं पदक काढून घेते आहे, आणि तिचा राग खरा आहे. सर अहवाल मागतात, दोनदा वाचतात. "पोरीचं वर्ष जाईल, मॅडम."

"जाऊ दे सर. पुढच्या वर्षी ४९ ला उतरवा, भाकरी खाऊन. तुमचा एकेरी पट तिला तिथंही उपयोगी पडेल."

ते कागद परत देतात आणि खिशातून पेन काढतात. माझ्या नावाखाली प्रशिक्षक म्हणून सही करतात, न्याहारीच्या ओळीपुढे स्वतःच्या अक्षरात 'दूध, अंडी' असं लिहितात. तिच्या आईला आज रात्रीच घरी जाऊन भेटायचं असं आमचं ठरतं, डॉक्टरांची चिठ्ठी समोर ठेवून. सोमवारी तपासणीला मी तिला घेऊन जाणार आहे. पहिले दोन तास माझे आहेत, ते मी बदलून घेतलेत.